मिळून शिकणे आणि आपली मुले

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात एका निवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी मजसारख्या एका खेड्यातील शाळामास्तरास चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, हा मी माझा बहुमान समजतो. या व्यासपीठावरून आजवर वकील, डॉक्टर, प्राध्यापक अशी मोठमोठी मंडळी बोलून गेली. मी मॅट्रिकच्या पुढे कोणत्याही महाविद्यालयाची पायरी चढलो नाही. अध्यापनाची पदविका घेतली, हातात खडू धरला आणि तो निवृत्तीच्या दिवशीच खाली ठेवला. तेव्हा विद्वत्तेचा आव आणणे मला शोभणार नाही. मात्र इतकी वर्षे मुलांच्या सहवासात गेल्यामुळे मुले कशी शिकतात व कशामुळे शिकायची थांबतात, याविषयी काही विचार मनात साठले आहेत. निवृत्तीनंतर थोडेफार वाचनही घडले. त्यांतूनच आजचा विषय घेतला आहे: वर्गात मुलांनी एकमेकांच्या साहाय्याने शिकणे. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत त्यास ‘सहकारी अध्ययन’ असे म्हणतात. आपण त्याला साध्या शब्दांत ‘मिळून शिकणे’ म्हणू.

ज्ञातीच्या संमेलनात हा शाळेचा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याचे कारण समोरच आहे. आताच आपल्या गुणवंत मुलामुलींचा सत्कार झाला. त्यांचे कौतुक पाहून माझाही ऊर भरून आला. पण या सभागृहात त्यांच्याहून कितीतरी अधिक मुले अशी बसली आहेत की, ज्यांच्या नावाचा पुकारा झाला नाही. शाळेचा निकाल लागला म्हणजे आपण घरी पहिला प्रश्न विचारतो तो ‘कितवा आलास?’ हा. ‘काय शिकलास?’ हे विचारणारे घर विरळा. परीक्षा जवळ आली की ‘तुझी वही कोणाला देऊ नकोस हो!’ असा प्रेमळ उपदेशही आपणच करतो. यात आईबापांचा दुष्टावा नसतो, काळजी असते. जागा थोड्या, उमेदवार फार, अशा काळात आपले मूल मागे पडू नये असे कोणास वाटणार नाही? तथापि या काळजीपोटी आपण मुलाच्या मनात एक चुकीची समजूत रुजवितो. ती अशी की, विद्या ही घागरीतल्या पाण्यासारखी आहे. दुसऱ्याला दिली की आपली घागर तेवढी रिकामी होते. ही समजूत निराधार आहे, हेच मला आज सांगावयाचे आहे.

मिळून शिकणे हे काही परदेशातून काल आलेले खूळ नव्हे. पिएत्रो देल्ला व्हाल्ले नावाचा एक इटालियन प्रवासी १६२३ साली पश्चिम किनाऱ्यावरून घाट चढून इक्केरीच्या नायक राजाकडे चालला होता. वाटेत एका देवळाच्या ओसरीवर त्याने चार लहान मुले पाहिली. ती जमिनीवर बारीक वाळू पसरून, बोटाने आकडे काढीत व तेच आकडे एका सुरात म्हणत गणित शिकत होती. वाळू भरली की हाताने पुसायची, पुन्हा पसरायची. जवळ पंतोजी नव्हते. प्रवाशाला नवल वाटले. त्याने विचारले, तुमच्यापैकी कोणी विसरला अगर चुकला तर त्याला सुधारणार कोण? मुलांनी जे उत्तर दिले ते त्याने आपल्या पत्रात नमूद करून ठेवले आहे. त्याचा आशय असा की, आम्ही चौघेही एकाच ठिकाणी एकाच वेळी चुकणे शक्य नाही. एक चुकला तर इतर तिघे त्याला सांगतील, म्हणूनच आम्ही एकत्र म्हणतो. माझ्या मते मिळून शिकण्याचे अवघे मर्म या उत्तरात आले आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या बालकांनी जे ओळखले, ते सिद्ध करण्यासाठी विसाव्या शतकात मोठमोठ्या विद्यापीठांना प्रयोग करावे लागले.

या देशी पद्धतीची कीर्ती पुढे सातासमुद्रापार गेली, तीही हकिगत ऐकण्यासारखी आहे. अँड्र्यू बेल नावाचे एक स्कॉटिश गृहस्थ १७८९ पासून मद्रासच्या एग्मोर भागातील मुलांच्या अनाथालयाचे प्रमुख होते. तेथील देशी शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवीत आहेत, असे त्यांच्या दृष्टीस पडले. हीच रीत आपल्या शाळेत सुरू करावी असे त्यांनी ठरविले; पण हाताखालच्या शिक्षकांना ती रुचेना. तेव्हा बेलसाहेबांनी ते काम एका आठ वर्षांच्या विद्यार्थ्यावर सोपविले, आणि त्या मुलाने ते उत्तम करून दाखविले. पुढे १७९७ साली बेल यांनी लंडनमध्ये याविषयी पुस्तक प्रसिद्ध केले. जोसेफ लँकास्टर यांनीही १७९८ च्या सुमारास लंडनमधील बरो रोड येथील शाळेत याच जातीची पद्धत चालविली. विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांना शिकविण्याची ही ‘मद्रास पद्धत’ इंग्लंडभर पसरली.

परंतु आपल्या मातीतून ही कल्पना गेली म्हणून नुसते फुलून जाऊ नये. इंग्लंडात ती लोकप्रिय झाली याचे मोठे कारण काटकसर हे होते. एक शिक्षक आणि त्याच्या हाताखाली लहान लहान नायक विद्यार्थी, इतक्यावर शेकडो मुलांची शाळा स्वस्तात चालत असे. नायकाने धडा म्हणायचा, इतरांनी त्याच्यामागे म्हणायचा. कोणी कोणास प्रश्न विचारायचा नाही. अशा कवायतीत पाठांतर होई, पण विचार होत नसे. काही वर्षांनी ती पद्धत मागे पडली हे योग्यच झाले. यातून आपल्याला एक भेद ध्यानात घ्यावयाचा आहे. एका मुलाला मॉनिटर करून इतरांच्या डोक्यावर बसविणे म्हणजे मिळून शिकणे नव्हे. देवळाच्या ओसरीवरील त्या चौघांत कोणी नायक नव्हता. चौघेही शिकणारे होते व चौघेही सुधारणारे होते.

आता अलीकडच्या काळातील एक उदाहरण सांगतो. अमेरिकेच्या टेक्सास प्रांतात ऑस्टिन हे शहर आहे. तेथे गोऱ्या, कृष्णवर्णीय व स्पॅनिश भाषा बोलणाऱ्या कुटुंबांतील मुले पिढ्यान्‌पिढ्या वेगळ्या वस्त्यांत वाढलेली. न्यायालयांच्या निर्णयांमुळे शाळांतील वर्णभेद मोडावा लागला, आणि १९७१ साली ही सारी मुले प्रथमच एका वर्गात येऊन बसली. बसली, पण एक झाली नाहीत. शाळाशाळांतून मारामाऱ्या होऊ लागल्या. तेव्हा शिक्षणाधिकाऱ्यांनी एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञांना बोलाविले. त्यांनी वर्गात बसून काय पाहिले? शिक्षकाने प्रश्न विचारला की पाचसहा हात वर होत. एकाला संधी मिळाली की बाकीच्यांचे चेहरे पडत. त्या मुलाचे उत्तर चुकले की इतरांना आनंद होई, कारण आता त्यांची पाळी येणार! ज्या मुलांना भाषा नीट येत नसे, ती हातही वर करीत नसत. म्हणजे वर्गाची मांडणीच अशी होती की, एकाचे नुकसान तो दुसऱ्याचा लाभ. सभ्य स्त्रीपुरुषहो, हे वर्णन ऐकताना आपणांस आपलेच वर्ग आठवले असतील.

ॲरन्सन यांनी मुलांना उपदेश केला नाही. त्यांनी कामाची रचना बदलली. लहान मुले पुठ्ठ्याचे तुकडे जुळवून चित्र पुरे करतात, तो जोडचित्राचा खेळ आपण पाहिला असेल. एक तुकडा हरवला तरी चित्र अपुरे राहते. त्याच धर्तीवर त्यांनी धड्याचे भाग केले आणि पाचसहा मुलांच्या गटात प्रत्येकाला एकच भाग दिला. आपल्याला समजावे म्हणून मी आपल्याकडील धडा घेतो. समजा, पाचवीच्या वर्गात कर्मवीर भाऊराव पाटील यांचे चरित्र शिकवायचे आहे. त्याचे पाच भाग करावे. पहिला, १८८७ साली कुंभोज येथे जन्म व बालपण. दुसरा, ओगले काच कारखाना व किर्लोस्करांचे नांगर यांच्या विक्रीच्या निमित्ताने गावोगाव फिरताना त्यांना दिसलेले खेड्यांतले अज्ञान. तिसरा, १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना. चौथा, १९२४ साली साताऱ्यात काढलेले वसतिगृह, तेथे एका पंक्तीला जेवणारी सर्व जातींची मुले आणि त्या मुलांच्या पोटासाठी आपले सौभाग्यलेणे मोडणाऱ्या लक्ष्मीबाई. पाचवा, पुढील शाळा, महाविद्यालये व १९५९ साली त्यांचा मृत्यू. गटातील पाच मुलांना हे पाच भाग वाटून द्यावे. मग सर्व गटांतील, ज्यांच्याकडे पहिला भाग आहे अशा मुलांनी एकत्र बसून तो वाचावा, एकमेकांना विचारून पक्का करावा. दुसऱ्या भागाच्या मुलांनीही तसेच करावे. पंधरावीस मिनिटांनी प्रत्येकाने आपल्या मूळ गटात परतून आपला भाग इतर चौघांना समजावून सांगावा. शेवटी परीक्षा संपूर्ण चरित्रावर, आणि ज्याची त्याने एकट्याने द्यायची.

यात काय घडते पाहा. चौथा भाग ज्या मुलीकडे आहे ती अडखळत बोलत असली, तरी तिच्यावाचून इतरांना वसतिगृहाची हकिगत कळणार नाही. तेव्हा तिला हसून चालत नाही; तिला नीट प्रश्न विचारावे लागतात, धीराने ऐकावे लागते. ऑस्टिनच्या शाळेत नेमके असेच झाले. स्पॅनिश घरातला एक मुलगा आपला भाग सांगताना घाबरून गप्प झाला. इतर मुले त्याची टिंगल करू लागली. देखरेख करणाऱ्याने इतकेच सुचविले की, टिंगल हवी तर करा, पण थोड्या वेळाने परीक्षा आहे आणि त्याचा भाग तुम्हाला दुसरीकडे कोठे मिळणार नाही. काही दिवसांत मुलांचा सूर बदलला. ती त्याला सोपे प्रश्न विचारू लागली. त्याची भीती गेली, आणि आपण समजतो तितका हा मुलगा मठ्ठ नाही हे मुलांच्या ध्यानात आले. पुढे परीक्षा घेतल्या तेव्हा असे दिसले की, मागे पडलेल्या समाजांतील मुलांची प्रगती अशा वर्गांत अधिक झाली, आणि गोऱ्या मुलांचे त्यात काहीही नुकसान झाले नाही. शिवाय मुलांना एकमेकांविषयी अधिक आपुलकी वाटू लागली.

आता कोणी अनुभवी पालक म्हणतील, ‘गुरुजी, गटाने काम दिले की एकटा राबतो आणि बाकीचे गंमत पाहतात. आमच्या मुलीने रात्रभर जागून तक्ता केला आणि नाव मात्र चौघांचे!’ हा आक्षेप अगदी खरा आहे. बादशहाच्या हौदाची गोष्ट आपणांस ठाऊक आहे. प्रत्येकाने रात्री एक घडा दूध आणून ओतावे असा हुकूम झाला. इतरांच्या दुधात माझे पाणी कोणास कळणार, असे प्रत्येकाने मनाशी म्हटले, आणि सकाळी हौद पाण्याने भरलेला! रिंगेलमन नावाच्या फ्रेंच शेतकी तज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोर ओढण्याचे प्रयोग केले. त्यांनाही हेच आढळले की, दोराला माणसे जसजशी अधिक लागतात, तसतसा दरमाणशी जोर कमी होत जातो. तेव्हा मुलांना नुसते गोल करून बसविले म्हणजे सहकार सिद्ध झाला असे नाही. बाके फिरविणे सोपे, काम रचणे अवघड.

यावर संशोधकांनी पुष्कळ विचार केला आहे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील डेव्हिड व रॉजर जॉन्सन या बंधूंनी आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील रॉबर्ट स्लाव्हिन यांनी या विषयाला आपली कित्येक वर्षे दिली. त्यांच्या विवेचनाचे सार मी दोन नियमांत सांगतो. पहिला नियम, प्रत्येकाची इतरांना खरीखुरी गरज पडली पाहिजे. दुसरा नियम, प्रत्येकाला आपला जाब स्वतः द्यावा लागला पाहिजे. पहिला नियम नसेल तर गट हा नुसता घोळका होतो, आणि दुसरा नसेल तर हौदात पाणी पडते. स्लाव्हिन यांनी तर गुण देण्याचीही एक न्याय्य युक्ती काढली. गटाचे श्रेय ठरविताना कोणाला किती गुण पडले हे न पाहता, प्रत्येकाने स्वतःच्या मागील गुणांत किती भर घातली हे पाहायचे. त्यामुळे तीसवरून बेचाळीसवर आलेला मुलगाही गटाला तितकाच मोलाचा ठरतो. गटात त्याचे ओझे न वाटता आधार वाटू लागतो.

माझ्या स्वतःच्या वर्गातील एक छोटीशी गोष्ट सांगतो. अपूर्णांकांचा धडा चालला होता. मी चार चार मुलांच्या गटांना बाजारहाटाची उदाहरणे दिली होती आणि अट घातली होती की, उत्तर कोणी सांगायचे ते मी आयत्या वेळी ठरवीन. म्हणून गटातील प्रत्येकाला रीत सांगता आली पाहिजे. एका गटात वर्गातील पहिल्या नंबरचा मुलगा होता, आणि जिची आई आठवडे बाजारात भाजी विकत असे अशी एक मुलगीही होती. तिची वही नेहमी कोरी. पण पावणेतीन किलो वांग्यांचे पैसे किती, हा हिशेब तिने बोटांवर क्षणात सांगितला. पहिल्या नंबरचा मुलगा छेद समान करीत बसला होता. त्याने विचारले, ‘तू कसं केलंस?’ ती म्हणाली, ‘तीन किलोचे पैसे काढले आणि पाव किलोचे वजा केले.’ त्या दिवशी त्या मुलाला अपूर्णांक म्हणजे काय हे उमगले, आणि त्या मुलीला आपल्याला येते ते ‘गणित’ आहे हे उमगले. मी फळ्यावर तासभर लिहून या दोन्ही गोष्टी साध्य झाल्या नसत्या.

हुशार मुलांच्या आईबापांच्या मनातील शंका मी जाणतो. दुसऱ्याला शिकविण्यात आपल्या मुलाचा वेळ फुकट जातो, असे त्यांना वाटते. वास्तविक स्थिती उलट आहे. जे आपल्याला समजले असे वाटते, ते दुसऱ्याला सांगू लागले की त्यातील भोके दिसू लागतात. मी नोकरीच्या पहिल्या वर्षात जितके व्याकरण शिकलो, तितके शाळेत असताना शिकलो नव्हतो. कारण आता ते मला मुलांना सांगावे लागत होते. संशोधकांनाही असेच आढळून आले आहे की, गटात जो कारणासह समजावून देतो, त्याचाच मोठा लाभ होतो. उलट ज्याला नुसते तयार उत्तर मिळते, त्याला काहीच लाभ होत नाही. म्हणून मदत करणे आणि उत्तर पुरविणे यांत मुलांनी फरक करावयास शिकले पाहिजे. वही उतरवून घ्यायला देणे ही मदत नव्हे. ‘येथपर्यंत तू बरोबर केलेस, पुढे हातचा घ्यायला विसरलास’ असे दाखविणे ही मदत होय.

आपल्या भगिनी श्रावणातल्या सोमवारी खुलभर दुधाची कहाणी वाचतात. राजाच्या धाकाने लोकांनी मुलाबाळांना, वासरांना उपाशी ठेवून घरचे सगळे दूध देवाच्या गाभाऱ्यात ओतले, तरी गाभारा भरला नाही. म्हातारीने घरच्यांना पाजून, वासरांना सोडून, मग उरलेले खुलभर दूध नेले, आणि गाभारा भरला. मिळून शिकण्यालाही हेच लागू आहे. मुलाने आपला अभ्यास टाकून परोपकार करावा असे कोणी म्हणत नाही. आपला अभ्यास करावा आणि मग आपल्याजवळचे खुलभर मनापासून शेजाऱ्याला द्यावे.

या सभागृहात आपल्यापैकी काही शिक्षकबंधू व शिक्षकभगिनी आहेत. त्यांच्यासाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. प्रारंभ जोडीपासून करावा. मेरीलँड विद्यापीठातील फ्रँक लायमन यांनी १९८१ साली एक अगदी सोपी रीत मांडली. प्रश्न विचारल्यावर लगेच हात वर करू द्यायचे नाहीत. मिनिटभर प्रत्येकाने एकट्याने विचार करायचा, मग शेजाऱ्याशी बोलायचे, आणि नंतर वर्गाला सांगायचे. साठ मुलांच्या दाटीच्या वर्गातही हे जमते. पुढच्या बाकावरील मुलांनी नुसते मागे वळले की चौघांचा गट होतो. बाके हलवावी लागत नाहीत. गट शिक्षकाने पाडावे, मुलांवर सोडू नये. नाहीतर हुशार हुशारांकडे व मित्र मित्रांकडे जातात आणि एक मूल कोपऱ्यात एकटे उरते. वर्गात थोडा गलबला होईल. कामाचा गलबला आणि दंग्याचा गलबला यांतील फरक कानाला लवकरच कळू लागतो. मात्र सर्वच गोष्टी गटाने शिकवायच्या नसतात. नवी कल्पना प्रथम शिक्षकानेच स्वच्छ समजावून दिली पाहिजे. हस्ताक्षर आणि पाढे ज्याचे त्यानेच घोटले पाहिजेत. शिक्षकाचे काम यात कमी होत नाही. आपण खुर्चीवर बसून हजेरीपट भरावा आणि मुलांनी आपापसांत शिकावे, हा मिळून शिकण्याचा विपर्यास होय.

सरकारी धोरणानेही आता या विचाराला स्थान दिले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मुलांनी प्रशिक्षित शिक्षकांच्या देखरेखीखाली, स्वेच्छेने व आनंदाने एकमेकांना शिकवावे असे सुचविलेले आहे. त्याच वर्षी कोरोनाची साथ येऊन शाळा बंद पडल्या, तेव्हा अनेक गावांतून मोठ्या मुलांनी ओट्यावर, पारावर लहानांना जमवून अक्षरओळख टिकविली. शाळा पुन्हा उघडल्यावर एकाच इयत्तेत कोणी पुढे, कोणी दोन वर्षे मागे, अशी स्थिती झाली. अशा वर्गात एकटा शिक्षक सर्वांना पुरा पडत नाही. तेथे मुलांनीच एकमेकांचे हात धरावे लागतात.

आता शेवटी जो मुद्दा या व्यासपीठावरून बोलणे मला कर्तव्य वाटते, त्याकडे वळतो. आपले मंडळ कशातून जन्मले? परस्परसाहाय्यातून. शहरात शिकायला आलेल्या आपल्या मुलांना राहायला जागा नव्हती, फी भरायला पैसे नव्हते. तेव्हा वडीलधाऱ्यांनी चार चार आणे गोळा करून निधी उभारला. ‘एकमेकां साहाय्य’ हा धर्म आपल्याला नवीन नाही. पण हे साहाय्य ज्ञातीच्या उंबऱ्याशी थांबणार काय, हा प्रश्न आहे. शिक्षक जेव्हा गट पाडतो तेव्हा त्यात आडनावे पाहत नाही, पाहूही नयेत. आपल्या मुलाच्या गटात वाड्यावरचा मुलगा येईल, पलीकडच्या वस्तीतली मुलगी येईल, वेगळ्या धर्माचे मूल येईल. ते मूल दुपारी आपल्या घरी तक्ता करायला आले, तर त्याला ओसरीवर बसविणार की माजघरात? त्याला पाणी कोणत्या भांड्यातून देणार? ‘कोणाचा रे तो?’ हा प्रश्न आपण कोणत्या सुरात विचारणार? मूल हा सूर बरोबर टिपते. शाळेत सहा महिने खपून जे जुळले, ते घरातील एका प्रश्नाने तुटते.

गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली लिहिलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, दोन समाजांची माणसे नुसती जवळ आल्याने पूर्वग्रह जात नाहीत. त्यांचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट एक हवे, काम मिळून करायला हवे, आणि या सर्वाला वडीलधाऱ्यांचा व अधिकाऱ्यांचा पाठिंबा हवा. पहिल्या तीन गोष्टी चांगला शिक्षक वर्गात घडवू शकतो. चौथी गोष्ट त्याच्या हातात नाही. ती आपल्या हातात आहे. कर्मवीरांच्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले मिळून स्वयंपाक करीत व मिळून अभ्यास करीत. पण त्यासाठी प्रथम आपल्या मुलाला तेथे पाठविण्याचे धैर्य कोणा आईबापांनी दाखविलेच होते ना?

म्हणून मी मंडळापुढे तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली, पुढील वर्षापासून गुणवंतांच्या सत्काराबरोबरच, ज्या मुलाने अगर मुलीने वर्षभर एखाद्या सहाध्यायाला हात देऊन पुढे आणले, त्याचाही सत्कार व्हावा. निवड त्याच्या शाळेच्या शिक्षकांनी करावी, आणि साहाय्य केलेले मूल आपल्या ज्ञातीचेच असावे अशी अट घालू नये. दुसरी, मंडळाचे हे सभागृह वर्षातील बहुतेक संध्याकाळी कुलूपबंद असते. परीक्षेपूर्वीचे चार महिने ते अभ्यासासाठी रोज दोन तास उघडावे, त्यात आसपासच्या सर्व मुलांना मोकळीक असावी, आणि आपल्यासारख्या निवृत्तांनी पाळीपाळीने तेथे बसावे. पहिला आठवडा मी बसेन. तिसरी सूचना प्रत्येक घरासाठी आहे. मूल शाळेतून आले म्हणजे ‘किती गुण मिळाले?’ एवढेच न विचारता, ‘आज तू कोणाला काय समजावून सांगितलेस? आणि तुला कोणी काय समजावले?’ हे दोन प्रश्नही विचारावे. खर्च काही नाही. महिनाभर करून पाहावे, मुलाच्या बोलण्यात पडलेला फरक आपला आपल्यालाच दिसेल.

बंधुभगिनींनो, स्पर्धा जगात आहे आणि ती राहणार. आपल्या मुलांनी तिच्यात उतरावे, यशही मिळवावे. परंतु शाळेतून बाहेर पडल्यावर ज्या कामांत त्यांचे आयुष्य जाणार आहे, ती बहुतेक सगळी मिळून करावयाची आहेत. शस्त्रक्रिया एकटा डॉक्टर करीत नाही, धरण एकटा इंजिनिअर बांधीत नाही, आणि संसार तर एकट्याने होतच नाही. मग ज्या वयात मन ओले असते, त्या वयात दहा वर्षे ‘शेजाऱ्यापासून वही झाक’ हेच शिकवून आपण त्यांना कोणत्या आयुष्यासाठी तयार करीत आहोत, याचा प्रत्येकाने आपल्या घरी विचार करावा, एवढीच माझी विनंती आहे.

 आज सत्कार झालेल्या मुलांना माझे अनेक आशीर्वाद, आणि ज्यांचा झाला नाही त्यांना त्याहून एक अधिक. जय हिंद!